चौऱ्याऐंशी टक्क्यांची चोरी

दोन भावांची सामाईक विहीर असली की भांडण असतंच. देऊळघाटाला त्याचं नवल नाही. हिंमतराव आणि कारभारी यांचं भांडण मात्र ऐकणाऱ्याला आधी उलटंच वाटायचं. धाकटा भाऊ गावभर सांगत होता, की माझ्या दादाचं डोकं एकदम शाबूत आहे, उलट आपल्या दोघातिघांच्या डोक्याएवढं आहे. आणि थोरल्याचा स्वतःचा मुलगा सांगत होता, की नाही हो, बाबांना आता काही आठवत नाही. दोघांपैकी हिंमतरावांच्या भल्याचा विचार कोण करत होता, असं कोणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर आहे, कोणीच नाही.

विहिरीची रीत बापाने घालून दिलेली होती. एक दिवस थोरल्याची पाळी, एक दिवस धाकट्याची. अमावस्येला मोटार बंद; ज्याची पाळी अमावस्येत गेली त्याला ती दुसऱ्या दिवशी मिळायची. मोटार एक, स्टार्टरची पेटी एक, किल्ल्या दोन. चुकून दुसऱ्याच्या पाळीत पाणी ओढलं तर एका पाळीला एक पाळी परत. जाणूनबुजून ओढलं तर एकाला दोन. बापाच्या मागे भांडी, बैल, आंब्याची झाडं, सगळ्यावरून दोघे भांडले होते. ही रीत तेवढी जशीच्या तशी राहिली, कारण ती मोडली तर कोणाचा फायदा होईल याचा दोघांनाही अंदाज येत नव्हता.

यंदा संक्रांतीच्या सुमारास हिंमतरावांचं काहीतरी घसरलं. लागोपाठ तीनदा त्यांनी कारभारीच्या पाळीत मोटार सुरू केली. तिसऱ्यांदा विहीर तळाला गेली. कारभारीचा गहू नेमका पोटरीत आलेला, पाण्याला आसुसलेला, तो तसाच कोरडा राहिला. कारभारी बांधावर उभा राहून ओरडला तेव्हा शेजारच्या तीन वावरांतल्या बाया निंदण सोडून उभ्या राहिल्या.

"दादा, चोर हायेस तू! सख्ख्या भावाचं पाणी चोरतं?"

"आज माही पाळी हाय बे," हिंमतराव म्हणाले.

"आज तुही? मंग काल कोणाची होती?"

 हिंमतरावांनी वांग्याच्या सरीत उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. सोजराबाई लगेच खाली वाकून वांगी तोडायला लागल्या. त्या सरीतली वांगी कालच तोडून झाली होती.

ते पाहणं जीवनने पाहिलं. जीवन म्हणजे हिंमतरावांचा एकुलता मुलगा. आठवड्याच्या आत त्याने बापाला बुलढाण्याला डॉक्टरकडे नेलं. त्याला आजार दिसायच्या आधी किल्ली दिसली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. दोन्ही एकदमच दिसले.

डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. मग म्हणाले, "वयाने विसरतात त्याच्यापेक्षा थोडं जास्त आहे. पण वेड-बीड काही नाही. कामं स्वतःची स्वतः करू शकतात. काहींचं पुढे वाढतं, काहींचं तिथेच थांबतं." चालायला सांगितलं, रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यायला सांगितली आणि एक टॅबलेट दिला. गिळायचा नाही, काचेचा. त्यात आठवणीचे व्यायाम होते. रोज सकाळी बसायचं आणि दर आठवड्याला दवाखान्यात योगिनी मॅडमना दाखवायचं.

घरी येताच जीवनने हात पुढे केला. "बाबा, पेटीची किल्ली द्या. पाण्याचं आता मी पाह्यतो."

किल्ली हिंमतरावांच्या करदोड्याला होती. त्यांनी धोतराच्या निऱ्या आणखी घट्ट खोचल्या.

"मले कायी झालं नाई. त्या पाटीवर मी पयला नंबर आणून दावतो. मंग माग किल्ली."

इकडे कारभारीने आपला हिशोब मांडून ठेवला होता. दादा विसरला असेल, तर तीन पाळ्या परत. दादाने चोरलं असेल, तर सहा. माघाच्या उन्हात सहा पाळ्या म्हणजे गहू टपोरा भरतो आणि खाली उन्हाळी भुईमुगाची सोय होते. तेव्हा दादाची आठवण चांगली निघणं ही कारभारीची गरज होती. भावाच्या प्रकृतीची एवढी काळजी त्याने आयुष्यात कधी केली नव्हती.

निवाड्याला बोलावलं अमडापूरच्या शेषरावांना. ते दोघांचे दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा. जावयाचा मान आणि दोन्ही घरांवर सारखाच राग, म्हणून योग्य माणूस. शेषराव फोनवर म्हणाले, "महिनाभर ते मशीन चालू द्या. काय आकडा येते ते पाह्यू. मंग येतो मी."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी ओसरीवर जत्रा भरू लागली.

हिंमतराव खाटेवर मांडी घालून बसायचे. सून दीपमाला टॅबलेट लावून समोर ठेवायची. त्यातली बाई फार गोड बोलायची, आणि असं शुद्ध बोलायची की हिंमतराव नकळत टोपी सरळ करायचे. "नमस्कार. कृपया टोपल्यांमधील भाज्या लक्षात ठेवा." सहा टोपल्या दिसायच्या. मग टोपल्यांवर झाकणं पडायची. "भोपळा कोणत्या टोपलीत होता?"

नेमक्या त्याच वेळी जीवन अंगणात कडबा-कुट्टी सुरू करायचा. खर्र खर्र आवाजाने शेजारची म्हैससुद्धा उभी राहायची.

"बंद कर ते कुट्टी!" ओसरीच्या पायरीवरून कारभारी गरजायचा. तो तिथे तंबाखू मळत बसलेला असायचा. "माह्या भावाची परीक्षा चालू हाय, दिसत नाई?"

"ढोरं उपाशी मारू का, काका?"

"तुह्या ढोराईले आताच भूक लागते का बे? रोज? टोपल्या दिसल्या का भूक लागते?"

हिंमतरावांनी चौथ्या टोपलीवर बोट ठेवलं. हिरवी बरोबरची खूण आली.

"शाब्बास दादा!" कारभारीने मांडीवर थाप मारली. "असं डोकं! आन हे म्हणतात का दादाले आठवत नाई. दादाले सारंच आठवते. कोणाची पाळी होती तेही आठवते."

"कारभाऱ्या, तू जातं का इथून?"

"कायले जाऊ? तुह्यं कौतुक कराले आलो."

चार दिवसांनी कारभारीची बायको पुष्पाबाई वाटीत भिजवलेले बदाम घेऊन आली. डोक्यावरचा पदर सावरून जावेला म्हणाली, "भासऱ्यायले द्या सकाळी. डोक्याले चांगले असतात."

"आतापर्यंत याइच्या डोक्याची चिंता नोयती तुले."

"आता हाय ना, बाई."

सोजराबाईंनी ती वाटी कोंबड्यांपुढे पालथी केली. कोंबड्यांनीही दोनदा टोच मारून पाहिली, मग खाल्लं.

दीपमाला तेवढी कोणाच्या बाजूची नव्हती. तिचं म्हणणं एकच, पाटीला हात फक्त मामाजी, म्हणजे सासरे, लावतील. एकदा जीवन मागून वाकून चुकीची टोपली दाबायला गेला तर तिने त्याच्या हातावर चापट मारली, आणि एकदा कारभारीने डोळ्यांनी उजवीकडची टोपली दाखवली तर तिने त्याच्यापुढे सुपडं आडवं धरलं. त्यामुळे आकडा चढत गेला तो हिंमतरावांचाच. कुट्टीच्या आवाजात लक्ष लावायची सवय झाल्याने आणखीच चढला. जीवनच्या ढोरांना त्या महिन्यात चारा भरपूर मिळाला, एवढा त्याचा फायदा.

व्यायाम संपला की मात्र हिंमतराव दीपमालाला विचारायचे, "गोळी घेतली का मी?" थोड्या वेळाने पुन्हा, "गोळी राह्यली का माही?" तेव्हा ओसरीवर कारभारी नसायचा. त्याचं काम झालेलं असायचं.

महिना भरला तसे ते बुलढाण्याला गेले. दोघे बापलेक मोटारसायकलवर, आणि मागून कारभारी एसटीने, बोलावलेलं नसताना. योगिनी मॅडम म्हणजे तिशीतली मुलगी. तिने पडद्यावर रेघ दाखवली. सुरुवात छप्पनला होती, शेवट चौऱ्याऐंशीला.

"चौऱ्याऐंशी!" कारभारी खुर्चीतून उठला. "म्हंजे दादाचं डोकं शंभरात चौऱ्याऐंशी चालते. हेच म्हणत होतो मी!"

"नाही काका, तसं नाही," योगिनी म्हणाली. "हा खेळ त्यांना चौऱ्याऐंशी जमतोय. सराव झाला की खेळ जमतो, चांगलंच आहे. पण घरातलं, शेतातलं किती लक्षात राहतं ते या आकड्यावरून सांगता येत नाही. ते तुम्ही घरच्यांनी बघायचं."

"ऐका, काका," जीवन म्हणाला. "मॅडम, हेच कागदावर लिहून द्या. का यांना आठवत नाही."

"मी असं कुठे म्हणाले?"

"मंग आठवते, असं लिहा," कारभारी म्हणाला.

"तसंही नाही म्हणाले."

योगिनीने दोघांना बाहेर बसवलं. मग तिने हिंमतरावांकडून एक युक्ती पुन्हा घोकून घेतली, जी ती गेले दोन आठवडे शिकवत होती. लक्षात ठेवायची गोष्ट घरातल्या एखाद्या वस्तूवर ठेवून द्यायची. मनातच. ओसरीवर डोळे फिरवले की वस्तू दिसते आणि तिच्यावर ठेवलेली गोष्टही दिसते.

"आणि काका, तरीही विसरलं तर विचारायचं. विचारण्यात कमीपणा नाही."

"तुमच्या गावात नसन," हिंमतराव म्हणाले.

परतीच्या वाटेवर मुलीच्या बोलण्याची वाटणी झाली. अर्धं जीवनने नेलं, अर्धं कारभारीने. हिंमतरावांनी फक्त आकडा नेला. वाटेत पेट्रोल पंपावर जीवन थांबला तेव्हा त्यांनी हवा भरणाऱ्या अनोळखी माणसालाही तो सांगितला.

रविवारी शेषराव आले. ओसरीवर सतरंजी टाकली, त्यांना तक्क्याला बसवलं. एका बाजूला कारभारी आणि पुष्पाबाई, दुसऱ्या बाजूला जीवन. हिंमतराव खाटेवर. सोजराबाई दाराच्या चौकटीला टेकून, दीपमाला त्यांच्या मागे.

शेषरावांनी चहा संपवला, बशी बाजूला सारली. "हिंमतराव, मले लांबड लावायची नाई. तीनदा तुमी कारभारीच्या पाळीत मोटार चालवली, हे तर तुमीही मानता. आता सांगा, विसरून चालवली का समजून?"

"आतोबा, डॉक्टरनं सांगतलं ना..." जीवन पुढे सरकला.

"तुले नाई विचारलं."

"बाबा, विसरलो म्हणा. तीनच पाळ्या जातील. वांगी वाचतील आपली!"

"आन किल्ली?" हिंमतरावांनी मुलाकडे न पाहता विचारलं.

"किल्ली मी घेईन. कोणी तरी घ्यालाच पायजे ना? ज्याले आठवत नाई त्याच्या हाती मोटार कशी देता येईल?"

"हे एकदम बरोबर," शेषराव म्हणाले. "विसरले असाल तर किल्ली पोराकडे. त्यात वाद नाई."

हिंमतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि परत डोक्यावर घातली.

"मी विसरलो नाई," ते म्हणाले. "समजून घेतलं. चोरलं म्हणा."

"खोटं बोलता!" सोजराबाई चौकटीतून ओरडल्या. "दाजी, हे खोटं बोलून राह्यले! त्या दिवशी मलेच इचारलं का आज कोणाची पाळी हाय, आन मी म्हटलं मले नाई माहीत. मले माहीत होतं, पण मले वाटलं, वांग्याले थोडं पाणी..."

"तू चूप बस व."

कारभारीच्या चेहऱ्यावर सहा पाळ्यांचं पाणी दिसायला लागलं होतं. पण शेषरावांना सोजराबाईंचं बोलणं खटकलं. ते म्हणाले, "समजून चोरलं म्हणता, तर मंग कोणत्या कोणत्या दिवशी, ते सांगा. चोराले चोरीचा दिवस तर ठाऊक असते."

 हिंमतरावांची नजर सतरंजीवर फिरू लागली.   आणि जसजसा वेळ गेला तसतसा कारभारीही चुळबुळायला लागला, कारण भाऊ गप्प बसला तर सहांतल्या तीन पाळ्या हातच्या जात होत्या.

"दादा," तो न राहवून म्हणाला, "करीच्या दिवशी नाई का? आमी तिळगूळ घेऊन आल्तो, आन मोटार चालूच?"

"हाव," हिंमतराव झटकन म्हणाले. "करीच्या दिवशी."

"आन मंग अमावस्येच्या दुसऱ्या रोजी."

"अमावस्येच्या दुसऱ्या रोजी."

"आन मंग मी बांधावरून ओरडलो तो बुधवार."

"काका, तुमी कायले सांगून राह्यले!" जीवन किंचाळला. "आतोबा, हे तर कॉपी झाली!"

"कारभारी, तोंड बंद ठेवा," शेषराव म्हणाले. "चोराले मालकच दिवस सांगत असन तर मी इथं कायले आलो?" त्यांनी सगळ्यांना आणखी चहा मागवला आणि मुद्दाम दुसरंच काढलं, अमडापूरला यंदा हरभरा कसा आहे, बहिणीचे गुडघे कसे आहेत. बराच वेळ गेला. हिंमतरावांचं हरभऱ्याकडे लक्ष नव्हतं. ते एकदा दाराजवळच्या रांजणाकडे बघत होते, एकदा स्वतःच्या खाटेच्या पायाकडे, एकदा भिंतीतल्या खुंटीकडे. पुन्हा रांजण. पुन्हा खाट. पुन्हा खुंटी. ओठ हलत होते.

दीपमालाच्या ते ध्यानात आलं. रांजणावर तिळगूळ, खाटेवर अमावस्या, खुंटीवर ओरडणारा चुलतसासरा. तिने सासूचा दंड धरला. बोलली मात्र नाही.

शेषरावांनी बशीत चहा ओतता ओतता एकदम विचारलं, "हिंमतराव, मधली चोरी कोणती म्हणाले?"

"अमावस्येच्या दुसऱ्या रोजी."

"शेवटची?"

"बुधवारची. हा बांधावरून ओरडला तो."

"पयली?"

"करीची. तिळगूळ आणला याईनं."

"पाह्य!" कारभारीने मांडीवर थाप मारली. "उलटं-सुलटं इचारा, सांगते का नाई? चौऱ्याऐंशी टक्के हायेत, दाजी!"

शेषरावांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांनाच ठाऊक. पण समोरचा माणूस आपणच चोर म्हणतो, दिवसही सांगतो; मग जावयाने कुठवर वकिली करायची? त्यांनी निवाडा दिला. हिंमतरावांच्या लागोपाठच्या सहा पाळ्या कारभारीच्या. किल्ली हिंमतरावांकडेच, चोर असले तरी त्यांना सगळं आठवतं, तेव्हा मोटार त्यांच्या हाती ठेवायला हरकत नाही.

जीवन उठला, टॅबलेटचा चार्जर भिंतीतून उपसून अंगणात फेकला आणि मोटारसायकल काढून निघून गेला. त्या दिवसापासून त्याने वावरात पाय टाकला नाही.

मग विहिरीचं पाणी रोजच एका बाजूला जाऊ लागलं. गहू हिरवागार उभा राहिला. बांधाच्या अलीकडे वांग्यांची पानं दुपारी मान टाकायची ती संध्याकाळीही उचलेनात. वांगी आखडली, कडू झाली. सोजराबाई घागरीने पाणी घालायच्या ते निम्म्या सरीलाही पुरत नव्हतं. गावात पारावर हिंमतराव आले की लोक बोलायचं थांबायचे. एकाने तर तोंडावर विचारलं, "काय भाऊ, पाणी चोरताना जड नाई गेलं?" हिंमतराव म्हणाले, "कायचं जड?" आणि पूर्वीपेक्षा ताठ चालत गेले. चोर म्हणवून घेण्यात त्यांना खरोखर सुख वाटत होतं. चोराची कोणी कीव करत नाही.

घरात सोजराबाई त्यांच्याशी ताटापुरतं बोलत होत्या. "वाढू?" आणि "झालं?" एवढंच.

कारभारीच्या पाळ्या संपल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी हिंमतराव आणि सोजराबाई विहिरीवर आले तर कारभारी आधीच पेटीशी उभा. पेटी उघडी, हात बटणावर. पाट गव्हाच्या दिशेने नीट करून ठेवलेला.

"हे काय, भाऊजी?" सोजराबाईंनी घागर खाली आदळली. "सहा झाल्या तुमच्या! परवा सहावी गेली, काल तुमची. आज आमची!"

"परवा पाचवी होती, वहिनी."

"पाचवी? मी रोज घागर घेऊन उभी असतो इथं, मले माहीत नाई? लाज धरा जराशी!"

कारभारीचा हिशोब सहसा चुकत नसे. चुकला तर स्वतःच्याच अंगणात चुकायचा. त्याने वहिनीशी वाद घातला नाही. तो शांतपणे भावाकडे वळला.

"बाईमाणसासंग कायले भांडू? दादा, तूच सांग. परवा पाचवी का सहावी? तुले तर सारं आठवते. दाजीसमोर सांगतलं तू."

हिंमतराव पाटाकडे बघत राहिले. तिथे रांजण नव्हता, खाट नव्हती, खुंटी नव्हती. नुसता ओला गाळ होता आणि सगळे दिवस त्यात सारखेच दिसत होते. सोजराबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी बोटं वर केली. एका हाताची पाच, दुसऱ्याचं एक. उघड केली, कारभारीला दिसतील अशी.

"पाहा न माह्याकडे. सहा म्हणा. येवढंच म्हणा."

हिंमतरावांनी त्या बोटांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला. बायकोने सांगितलेलं बोलायचं, तेही याच्यासमोर.

"मले माहीत हाय किती झाल्या ते," ते म्हणाले. "आजची मीच देल्ली त्याले."

"देल्ली? काऊन देल्ली?"

"माह्या मनानं. पाणी माह्यं हाय."

कारभारीचं बोट क्षणभर बटणावर तसंच थांबलं. एवढं त्याने मागितलं नव्हतं. मग त्याने बटण दाबलं. मोटार घुरघुरली, पाइपातून पाणी उसळलं आणि पाटात पडून गव्हाकडे धावलं.

सोजराबाईंनी बांधावरचं फावडं उचललं. चार ढांगांत त्या पाटाच्या वळणावर पोचल्या, आणि दोन घावांत त्यांनी पाटाची कड फोडली. पाणी थबकलं, वळलं आणि वांग्याच्या पहिल्या सरीत शिरलं. भेगाळलेल्या मातीतून बुडबुडे निघाले.

"वहिनी!" कारभारी ओरडत धावला. "दादा, पाह्य तुह्यी बायको काय करून राह्यली! हे चोरी नाई?"

सोजराबाई फावडं आडवं धरून उभ्या राहिल्या. "ये पुढं. ये तू."

कारभारी पुढे गेला नाही. हिंमतराव गेले. चिखलात चपला रुतल्या त्या तिथेच सोडून ते बायकोजवळ पोचले आणि फावड्याला हात घातला. त्या सोडेनात. दोघे एकमेकांकडे न बघता ओढत राहिले. सत्तरीचे असले तरी हिंमतरावांच्या मनगटात वावराचं बळ होतं. शेवटी फावडं त्यांच्याकडे आलं. सोजराबाई मागे सरीतच बसल्या, वाहत्या पाण्यात.

"मेले असते तर बरं झालं असतं तुमी," त्या म्हणाल्या.

हिंमतरावांनी मोठं ढेकूळ उचलून फोडलेल्या कडेत घातलं. पाण्याने ते ढकललं. त्यांनी दुसरं घातलं, तिसरं घातलं, वरून पायाने चिखल दाबला. वांग्याच्या सरीतलं पाणी बारीक होत गेलं आणि बंद झालं. पलीकडे गव्हाला पाणी लागलं. तरीही ते पाय देऊन उभेच होते, कारभारी "झालं दादा, झालं आता" म्हणाला तरी.